आकडे मिळाले, खुलासा कुठे आहे?

हरिहरेश्वरला देवळामागून पायऱ्या उतरून गेलेली प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच चालता येते. समजा, विद्यार्थ्यांनी तेथे महिनाभर पाण्याची उंची मोजून वहीभर आकडे लिहिले, पण ती कोणत्या खुणेपासून आणि किती वाजता मोजली, हे लिहायचे राहिले. त्या वहीवरून वाट केव्हा मोकळी असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. मेंदूतील विद्युतलहरींच्या नोंदींचेही असेच आहे. म्हणून आम्ही येथे अशा दोन प्रसिद्ध नोंदसंचांच्या माहितीपत्रकांचे परीक्षण करीत आहोत.

विषय थोडक्यात असा. हात न हलवता तो हलवल्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूला, हालचालींच्या क्षेत्रावर, ८ ते १२ हर्ट्‌झच्या लहरी क्षीण होतात. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून हा फरक टिपला, तर हातपाय लुळे पडलेल्या माणसाला कल्पनेच्या बळावर संगणक चालवता येतो. मात्र संगणकाला आधी शिकवावे लागते, आणि त्यासाठी ‘आता डावा हात, आता उजवा’ अशा खुणा केलेल्या नोंदी लागतात. खूण चुकीची वाचली की सारे शिकवणे फुकट.

ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाने २००८ च्या स्पर्धेसाठी दिलेल्या संचात नऊ व्यक्ती, २२ इलेक्ट्रोड आणि चार कल्पना आहेत: डावा हात, उजवा हात, पाय, जीभ. त्याचे माहितीपत्रक छोटे पण नेटके आहे. ७६९ म्हणजे डावा हात, ७७० म्हणजे उजवा, बाण कोणत्या सेकंदाला दिसला, सारे त्यात सापडते. चौथ्या व्यक्तीच्या एका नोंदीत डोळ्यांच्या विद्युतनोंदीचा भाग तांत्रिक अडचणीमुळे अपुरा राहिला, हेही मोकळेपणाने सांगितले आहे. असा प्रामाणिकपणा आपल्या प्रयोगवह्यांतही दिसावा! दुसऱ्या दिवसाच्या नोंदींवर मात्र ७८३, म्हणजे ‘अज्ञात’, एवढेच आहे. स्पर्धेची उत्तरे नंतर वेगळी प्रसिद्ध झाली.

अमेरिकेतील फिजिओनेटच्या संचात १०९ व्यक्ती, ६४ इलेक्ट्रोड आणि प्रत्येकाच्या १४ फेऱ्या आहेत. येथे आमची तक्रार गंभीर आहे. ‘टी-१’ ही खूण तिसऱ्या फेरीत डावी मूठ खरोखर मिटल्याची, चौथ्या फेरीत तशी कल्पना केल्याची, पाचवीत दोन्ही मुठी मिटल्याची, तर सहावीत त्याच्या कल्पनेची आहे. एकच खूण, चार अर्थ! खुलासा माहितीपत्रकात आहे, हे खरे. पण खुणेवरून तो कळत नाही, फेरीचा क्रमांक पाहावा लागतो. आज संगणकाला एक आज्ञा दिली की असे संच घरी उतरतात, माहितीपत्रक मागेच राहते. ‘टी-१ म्हणजे डावा हात’ असे समजून सगळ्या फेऱ्या एकत्र करणारा विद्यार्थी आपल्या गणितात दोष शोधत बसेल.

आणखी एक उणीव दोन्हीकडे आहे. हालचालीची कल्पना दोन प्रकारे करता येते: हात हलल्याचे आतून जाणवणे, किंवा तो हलताना मनःचक्षूंनी पाहणे. यांतील पहिल्या प्रकारात लहरींतला फरक अधिक चांगला ओळखता येतो, हे ग्राझच्याच संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले होते. तरीही तीन वर्षांनंतरच्या ग्राझच्या माहितीपत्रकात स्वयंसेवकांना यांपैकी काय करायला सांगितले, ते लिहिलेले नाही. फिजिओनेटचे माहितीपत्रकही त्याबाबत गप्प आहे.