एका दिवसात तीन लेणी: गाइडच्या सहलीची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर चित्रपट. आज आम्ही एका सहलीची समीक्षा करणार आहोत. पनवेलमधून सकाळी निघणारी आणि रात्री परत आणून सोडणारी ‘कार्ले, भाजे, बेडसे’ अशी एकदिवसीय सहल. गाडी, नाश्ता, जेवण आणि गाइड, सगळं एका पैशात. अशा सहलींना आम्ही काही जण एकदा नव्हे, दोन-तीनदा गेलो, वेगवेगळ्या लोकांबरोबर गेलो. कोणाची, ते सांगण्याचं कारण नाही, कारण आमचं म्हणणं एखाद्या आयोजकाबद्दल नाही. ते या सहलीच्या घाटाबद्दल आहे. सगळ्यांचा घाट जवळपास एकच असतो.

सहलीची समीक्षा कशाला करायची, असं कोणी विचारेल. आमचं उत्तर असं की पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांमधली बरीच माणसं ही लेणी आयुष्यात एकदाच बघतात आणि ती अशाच सहलीत बघतात. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कामाबद्दल त्यांचं जे मत होतं, ते ही सहल घडवते. जे मत घडवतं, ते तपासायला हवं.

आधी चांगलं बोलू. गाडी दारात येते, म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजी येतात, एरवी एकट्या न जाणाऱ्या बायका येतात, मुलं येतात. लेण्यांवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी जेवढी माणसं तिथे नेली नसतील, तेवढी या गाड्यांनी नेली. एका दिवसात अनेक ठिकाणं बघणं म्हणजे उथळपणा, असंही आम्ही मानत नाही. आपल्याकडे यात्रा ही अशीच असते. अष्टविनायक घ्या. आठ ठिकाणं, त्यातली महड आणि पाली तर आपल्याच रायगड जिल्ह्यात. पण अष्टविनायकाला परंपरेनं एक क्रम दिलाय: मोरगावपासून सुरुवात आणि शेवटी पुन्हा मोरगाव. गाडीवाले तो आपल्या सोयीनं मोडतात, ही गोष्ट वेगळी. निदान क्रम नावाची काही गोष्ट असते, हे जाणाऱ्याला ठाऊक असतं. लेण्यांच्या सहलीत क्रमाचा विचार कोणी केलेलाच नसतो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

नेहमीचा क्रम काय असतो? आधी कार्ले, मग जेवण, मग भाजे, आणि वेळ उरला तर बेडसे. वेळ उरत नाही. बेडसे पत्रकावर राहतं.

आता ही लेणी खोदली कशी गेली ते पाहा. भाजे सगळ्यात जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. मग बेडसे, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं. कार्ल्याचं मोठं चैत्यगृह त्यानंतरचं, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. म्हणजे सहल उलटी चालते.

यानं काय बिघडतं? भाज्याच्या चैत्यगृहात उभे राहा. खांब आतल्या बाजूला कललेले दिसतील. खांब आत का कलतात? लाकडी मंडपात छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत झुकवून रोवायचे. दगडात खोदताना त्याची काहीच गरज नाही, डोंगर कुठे पडत नाही. तरी कारागिरांनी ते कललेले खोदले, कारण त्यांच्या हाताला लाकडाची सवय होती. भाज्याचं तोंड आज उघडं दिसतं, कारण दर्शनी भाग खरोखरच्या लाकडाचा होता आणि तो गेला. तो बसवण्यासाठी दगडात केलेल्या खाचा मात्र अजून आहेत. बेडशाला या, तर पुढचा भाग दगडात उतरलेला दिसतो, उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर प्राणी आणि स्वार. आणि कार्ल्याला पोहोचलात की खांब सरळ उभे, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. इतकं होऊनही छताला लाकडाच्या फासळ्या आहेतच, स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच. लाकूड सोडत सोडत दगडावर विश्वास बसायला या माणसांना दीड-दोनशे वर्षं लागली. ही कथा आहे. तिला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे.

सहल शेवट आधी दाखवते. कार्ल्याचं भव्य चैत्यगृह बघून, पोटभर जेवून माणसं दुपारी भाज्याला चढतात आणि म्हणतात, “हे तर मोडकं आहे. कार्ल्यापुढे काहीच नाही.” आम्ही हे वाक्य प्रत्येक खेपेला ऐकलं. त्यात त्यांची चूक नाही. क्रमानंच त्यांना तसं म्हणायला लावलं. आजोबांचा फोटो नातवाच्या फोटोनंतर दाखवला आणि हा नातवासारखा का दिसत नाही असं विचारलं, तर काय उत्तर द्यायचं?

कार्ले आधी का घेतात, त्याला कारण आहे आणि ते आम्ही लपवत नाही. लेण्याच्या अगदी समोर एकवीरा आईचं देऊळ आहे. आगरी-कोळ्यांची ती कुलस्वामिनी, तेव्हा पनवेल-उरणकडच्या निम्म्या घरांना कार्ल्याची ओळख लेणं म्हणून नाही, आईचा डोंगर म्हणून असते. रविवारी रांग लागते. सकाळी लवकर दर्शन उरकलं की दिवस मोकळा, असा हिशेब. हिशेब समजण्यासारखा आहे. पण मग गाडीतच दोन तट पडतात. दर्शनाला आलेले म्हणतात लेण्यात कशाला वेळ घालवता, लेण्याला आलेले म्हणतात रांगेत कशाला. गाइड मधल्या मध्ये घड्याळ बघतो. देऊळ आणि लेणं यांचा एकमेकांशी काही संबंध जोडावा, असं त्याला सुचत नाही.

संबंध लेण्याच्या भिंतीवरच लिहिलेला आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवलं, तेव्हापासून हे लेख वाचता येतात. कार्ल्याचं चैत्यगृह कुणा एका राजानं बांधून दिलेलं नाही. खांब खांब वाटून घेतलेत. धेनुकाकट गावच्या बऱ्याच जणांची नावं आहेत, त्यात स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. तिथल्याच सिंहदत्त नावाच्या गंधिकानं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्यानं, दाराचं दान दिलंय. सामी नावाच्या सुतारानं दाराचं काम केल्याचं लिहून ठेवलंय, बापाच्या नावासकट. भिक्षुणींची दानं आहेत. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकानं, म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणाऱ्यानं, एक खांब दिला. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, लोकलच्या पाटीवरचं. पलीकडे भाज्याला बाधा नावाच्या बाईचं दान आहे, आणि तिची ओळख काय दिलीय? हालिकाची जाया. नांगर धरणाऱ्याची बायको.

पावती फाडून, नाव लावून, आपल्या ऐपतीप्रमाणे देवाच्या कामाला हातभार लावायचा, ही रीत एकवीरेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. देवळाच्या फरशीवर आजोबांचं नाव कोरलेलं असतं, ते बघायला आपण मुलांना नेतो. कार्ल्याचे खांब तसेच आहेत. गाइडनं एवढं सांगितलं, तर दोन्ही तट एक होतील.

तो काय सांगतो? “पांडवांनी एका रात्रीत खोदलं.” नाहीतर “एकाच दगडात, कुठेही जोड नाही, जगात असं दुसरं नाही.” पांडवांच्या गोष्टीला हसू नये. लिपी विसरली गेली, खोदणारे गेले आणि एवढं काम समोर उभं, तेव्हा गावानं आपल्याला ठाऊक असलेली सगळ्यात थोर माणसं तिथे नेऊन बसवली. पण आज लिपी वाचता येत असताना तीच गोष्ट सांगणं म्हणजे सिंहदत्ताचं आणि सामी सुताराचं नाव पुसणं आहे. खऱ्या माणसांनी खरे पैसे घालून, खरा घाम गाळून केलेलं काम आपण दैवी करून टाकतो, आणि मग ते आपलं राहत नाही. राहिली ‘जगात असं दुसरं नाही’ ही जाहिरात. ती तर लेण्यातच आहे! वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. गाइडनं निदान त्याचं नाव घेऊन बढाई मारावी.

तिसरी गोष्ट रस्त्याची. सहल ठिकाणं मोजते, पण मधला रस्ता गाणी लावून काढते. इथे रस्ता हाच तर विषय आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा. या वाटांच्या कडेला, पाणी आणि वस्ती बघून, लेणी खोदली गेली. कोकणच्या बाजूला, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याचं लेणं आहे. वर घाट ओलांडला की भाजे, कार्ले, बेडसे. बेडशाच्या लेखात नाशिकच्या श्रेष्ठीचा मुलगा आहे. एवढी दूरदूरची माणसं इथे येत होती, कारण वाट इथून जात होती.

आणि पनवेलकरांनो, ही वाट पुढे आपलीच झाली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पनवेल हे त्या रस्त्याचं बंदर होतं. इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरात पनवेलच्या मुख्य धंद्याची नोंद आहे: बैलगाड्यांची चाकं. देशावरून उतरलेल्या गाड्या इथून चाकांची जोडी घेऊन जात. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली, २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पुरा झाला. कार्ल्याच्या डोंगरावरून खाली पाहिलं तर रेल्वे, जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे एकाच खोऱ्यातून धावताना दिसतात, आणि पलीकडे लोहगड-विसापूर, विसापूरच्या कुशीत भाजे. दोन हजार वर्षं वाट बदललेली नाही. त्या कठड्याशी सगळे सेल्फी घेतात. तिथे पाच मिनिटं थांबून हे सांगायला एक पैसा लागत नाही.

मग आमचं म्हणणं काय? सहल बंद करा, असं नाही. सहल छोटीच ठेवा, पण तिला एक धागा द्या. आम्हाला विचाराल तर एका दिवसात दोनच लेणी. सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले. हा क्रम काळाचा आहे आणि उजेडाचाही आहे, कारण कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे. उतरतं ऊन कमानीच्या खिडकीतून आत येतं, आणि सकाळी अंधारात असलेला स्तूप तेव्हा दिसतो. बेडशाचं तोंड पूर्वेला, त्याची सकाळ वेगळी राखून ठेवा. ज्यांना चालवतं, त्यांनी कोंडाणेही त्या दिवसात जोडावं. एकवीरेचं दर्शन हवंच असेल, तर रविवार टाळून निघा, म्हणजे रांग दिवसाचा क्रम ठरवणार नाही. आणि घाटात, खंडाळ्याला, गाडी पाच मिनिटं थांबवा. तो चौथा थांबा नाही. पहिला थांबा तो आहे.

यात आयोजकाचं नुकसान आहे, हे आम्हाला कळतं. पत्रकावर ‘तीन लेणी’ लिहिलं की गाडी भरते, ‘दोन’ लिहिलं की शेजारच्याची भरते. आपण गिऱ्हाईक म्हणून ठिकाणं मोजून पैसे देतो, म्हणून तो ठिकाणं वाढवतो. पुढच्या वेळी नाव नोंदवताना किती ठिकाणं, एवढंच विचारू नका. आधी कुठे नेणार, तिथे किती वेळ देणार, आणि खांबांवरची नावं वाचून दाखवणारा कोणी बरोबर आहे का, हे विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर आयोजक हसेल. चाळिसांनी विचारलं तर पत्रक बदलेल.

बाधा नावाच्या त्या बाईनं दोन हजार वर्षांपूर्वी आपलं नाव दगडात घालायला पैसे मोजले होते. ते कोणीतरी वाचेल, या हिशेबानं. आपण तिच्या दाराशी जातो, वीस मिनिटं थांबतो आणि न वाचता परत येतो.

आमचं एवढंच म्हणणं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.