परस्परव्यापी संच आणि माहितीची पर्याप्तता : रूढ अध्यापनाची चिकित्सा

केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 मध्ये नागरी सेवा पूर्वपरीक्षेत जी नवी दुसरी प्रश्नपत्रिका आणली, तिच्या अभ्यासक्रमात माहितीच्या पर्याप्ततेचा, म्हणजे रूढ शब्दांत ‘डेटा सफिशियन्सी’चा, स्पष्ट उल्लेख आहे. 2015 पासून ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. जीमॅट या प्रवेश परीक्षेत हा प्रश्नप्रकार पूर्वी गणित विभागात असे. 2023 च्या पुनर्रचनेत तो ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात गेला. हे स्थलांतर सूचक म्हणावे लागेल. उत्तर काढणे आणि उत्तर निघू शकते की नाही याचा निवाडा करणे, ही दोन भिन्न कौशल्ये होत. आपल्याकडील बहुतेक मार्गदर्शक पुस्तके मात्र दुसऱ्याच्या नावाखाली पहिलेच शिकवतात. परस्परव्यापी संचांच्या उदाहरणांत हा दोष विशेष ठळकपणे दिसतो.

एक साधे उदाहरण घेऊ. एका वसतिगृहात 120 विद्यार्थी आहेत. मराठी व इंग्रजी ही दोन्ही वृत्तपत्रे वाचणारे किती? पहिले विधान : 75 जण मराठी व 60 जण इंग्रजी वृत्तपत्र वाचतात. दुसरे विधान : 20 जण यांपैकी एकही वाचत नाहीत. हे उदाहरण फळ्यावर मांडताच वर्गातून ‘15’ असे उत्तर येते. 75 व 60 यांची बेरीज 135. त्यातून 120 वजा. येथे प्रत्येक जण काही तरी वाचतोच असे गृहीत धरले गेले. प्रश्नात ते कोठेही नाही. वस्तुतः पहिल्या विधानावरून एवढेच कळते की दोन्ही वाचणारे 15 ते 60 यांच्या दरम्यान आहेत. दुसरे विधान जोडले की निदान एक वृत्तपत्र वाचणारे 100 ठरतात आणि उत्तर 35 येते. दोन्ही विधाने मिळूनच पर्याप्त आहेत.

या चुकीचे मूळ आकृतीत आहे. इयत्ता नववीत विद्यार्थी संच शिकतो तेव्हा विश्वसंचाचा आयत काढतो. पुढे घाईत आयत गळतो आणि दोन वर्तुळे उरतात. दोन वर्तुळे प्रतलाचे चार भाग करतात, तीन नव्हे; चौथा भाग बाहेरचा. जॉन वेन यांच्या 1880 मधील मूळ आकृत्यांनाही बाहेरची चौकट नव्हती आणि लुईस कॅरल यांनी तर्कशास्त्रावरील आपल्या लेखनात नेमका हाच आक्षेप घेतला होता, हे येथे गमतीने नमूद करावेसे वाटते.

आता तीच माहिती ठेवून प्रश्न बदलू : दोन्ही वृत्तपत्रे वाचणारा निदान एक तरी विद्यार्थी आहे काय? येथे पहिले विधान एकटेच पुरेसे आहे, कारण अशा विद्यार्थ्यांची संख्या 15 पेक्षा कमी असूच शकत नाही. सूत्रावर वाढलेला विद्यार्थी मात्र ‘नेमकी संख्या मिळत नाही’ म्हणून विधान अपुरे ठरवतो. पर्याप्तता हा माहितीचा अंगभूत गुण नसून विशिष्ट प्रश्न आणि विशिष्ट माहिती यांच्यातील संबंध आहे, ही गोष्ट सूत्राच्या मागे झाकली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते रूढ अध्यापनावरील मुख्य आक्षेप हाच होय.

‘जितकी अज्ञाते तितकी समीकरणे’ हा पुस्तकी नियमही असाच फसवा. मराठी वाचणाऱ्यांपैकी एक तृतीयांश इंग्रजीही वाचतात, इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी निम्मे मराठीही वाचतात, आणि दोन्ही वाचणारे काही तरी आहेतच, एवढेच ठाऊक आहे. फक्त मराठी वाचणारे हे फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांच्या किती पट? एकही संख्या दिलेली नाही. तरी दोन्ही वाचणाऱ्यांना एक भाग मानल्यास मराठीचे तीन व इंग्रजीचे दोन भाग होतात. सामाईक भाग वगळता दोन आणि एक उरतात. उत्तर दुप्पट. नियम पाळणारा ‘माहिती अपुरी’ म्हणून मोकळा होतो.

उरतो भाषेचा प्रश्न, आणि तो गणिताच्या शिक्षकाने टाळू नये. ‘75 जण मराठी वाचतात’ यात दोन्ही वाचणारे समाविष्ट आहेत. ‘75 जण फक्त मराठी वाचतात’ यात नाहीत. तीन संच आले की ‘निदान दोन’ आणि ‘नेमके दोन’ यांतील अंतर एका संपूर्ण प्रदेशाचे असते. बोलताना आपण हा भेद सहज पुसतो. भारतीय जनगणनेत मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषांपर्यंत नोंद होते. द्विभाषिकांच्या आकड्यात त्रिभाषिक मिळवलेले आहेत की वगळलेले, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावरून बेरीज-वजाबाकी करणे धोक्याचे. समाजशास्त्राचे विद्यार्थी आमच्याकडे अशा तक्त्यांवरील शंका घेऊन येतात, तेव्हा त्यांना सूत्र ठाऊक असते. तक्त्याच्या मथळ्यातील ‘फक्त’ हा शब्द मात्र त्यांनी वाचलेला नसतो.