निदान न झालेली पात्रे

न्यूरोडायव्हर्जंट वाटणारी, म्हणजे स्वमग्नता किंवा एडीएचडीच्या खुणा अंगी असलेली, पण लेखकाने कुठेही तसे न म्हटलेली पात्रे साहित्यात आणि पडद्यावर पुष्कळ आहेत. ज्या वाचकांचे स्वतःचे मन त्याच घडणीचे असते, त्यांना बहुधा हीच पात्रे जवळची वाटतात. निदानाचा शिक्का मारून उभी केलेली पात्रे त्यांना अनेकदा परकी वाटतात.

जुन्या साहित्यात हा शिक्का असण्याचा प्रश्नच नव्हता. मेल्व्हिलचा कारकून बार्टलबी १८५३ चा, कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स १८८७ चा. ज्यातून हे निदान पुढे रूढ झाले, तो लिओ कॅनर यांचा स्वमग्न मुलांवरचा निबंध मात्र १९४३ चा. तंबाखूच्या राखेच्या १४० प्रकारांवर पुस्तिका लिहिणाऱ्या होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठाऊक नसते, आणि कळल्यावर तो ते विसरायचे ठरवतो. डॉयलने तो आपले शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून बेतला, म्हणूनच त्याच्या लकबी उसन्या वाटत नाहीत. पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणेही याच जातकुळीचा: बोलताना छापील मराठी वापरणारा, जगणे पुस्तकांच्या वाटेने समजून घेऊ पाहणारा. अशा पात्रांना मागाहून निदान चिकटवणे हा मात्र फुकाचा उद्योग. वाचकाला ओळख पटली एवढे पुरे. लेखकाच्या मनातही तेच होते, हा दावा टिकत नाही.

‘रेन मॅन’ या चित्रपटाने (१९८८) चित्र पालटले. त्यातल्या स्वमग्न माणसाच्या भूमिकेसाठी डस्टिन हॉफमनला ऑस्कर मिळाले आणि स्वमग्न माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार हे समीकरण रूढ झाले. गंमत अशी की ज्यांच्यावरून हे पात्र सुचले ते किम पीक स्वमग्न नव्हते, असे पुढे मानले गेले. साचा मात्र टिकला. ‘माय नेम इज खान’मधला (२०१०) रिझवान कुठलेही यंत्र दुरुस्त करतो, कोरियन मालिकेतल्या (२०२२) वकील वू यंग-वूला कायद्याची कलमे तोंडपाठ असतात. ‘तारे जमीं पर’ने (२००७) डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची शाळेतली कुचंबणा इतकी नेमकी दाखवली, तरी शेवटी ईशानला चित्रकलेची स्पर्धा जिंकावी लागतेच. वेगळ्या माणसाला समाजात जागा हवी, तर त्याने आधी गुण उधळून दाखवावेत, अशी ही अट आहे.

नाव न घेण्याचीही पळवाट होऊ शकते. ‘द बिग बँग थिअरी’च्या (२००७–१९) कर्त्यांनी शेल्डन कूपरला कोणतेही निदान दिलेले नाही, असे सांगितले. त्यामुळे त्याची सोफ्यावरची ठरलेली जागा आणि दारावरची तीनदा टकटक यांवर हशा पिकवता आला, आणि जबाबदारी कोणाच्याच गळ्यात पडली नाही.

याउलट सायाका मुराता यांच्या ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’ (२०१६) या जपानी कादंबरीत मौनाचे सोने झाले आहे. केइको ३६ वर्षांची, १८ वर्षे एकाच दुकानात अर्धवेळ कामाला. लहानपणी बागेत मेलेला पक्षी सापडतो. इतर मुले रडतात, ती आईला तो भाजून खाऊ या म्हणते, कारण बाबांना तसे मांस आवडते. मारामारी थांबवा, अशी ओरड होते, तेव्हा ती एका मुलाच्या डोक्यात फावडे घालते, मारामारी थांबते. दोन्ही वेळा तिचे तर्कशास्त्र बिनचूक आहे, चुकते ते आजूबाजूच्यांचे चेहरे वाचणे. पुढे ती सहकाऱ्यांचे कपडे आणि बोलण्याची ढब उचलून ‘सामान्य’ बनते. दुकानाच्या नियमावलीत वागण्याच्या रीती लिहिलेल्या असतात, म्हणून तिथे तिला श्वास घेता येतो. कादंबरी तिला बरे करत नाही की तिच्यात असामान्य प्रतिभाही पेरत नाही. निवेदन तिचेच असल्याने विचित्र दिसू लागतात ते तिच्या लग्नाची काळजी वाहणारे नातलग. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट’मधल्या (२००३) ख्रिस्तोफरच्या निवेदनातही ही ताकद आहे, पण तिथे लक्षणांची यादी अधूनमधून डोके वर काढते.

अलीकडचा बदल अभिनयाच्या बाजूने आला आहे. स्वमग्न पात्रांसाठी स्वमग्न कलाकार निवडले जाऊ लागले. बीबीसीची ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (२०२३) हे त्याचे ठळक उदाहरण. हिंदीत ‘सितारे जमीन पर’ने (२०२५) बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या दहा कलाकारांना पडद्यावर आणले, हे मोठेच पाऊल. कथेचा कणा मात्र अजून त्यांच्या क्रीडासंघाच्या प्रशिक्षकाच्या सुधारणेचा आहे. संघातल्या कोणाच्याही डोळ्यांनी ती सांगितलेली नाही.