'तोटा', 'गुंतवणूक' आणि मुक्कामी गाडी



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला एसटी-रेल्वेच्या पैशातलं काय कळणार?" प्रश्न रास्त आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण एकाच गोष्टीला दोन ठिकाणी दोन नावं का पडतात, हे तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. तेवढ्या भांडवलावर आज बोलतो.

एसटीचं नाव निघालं की पहिला शब्द येतो 'तोटा'. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढं गेलाय, हे आपण वाचतोच. आता समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. याला मात्र 'गुंतवणूक' म्हणतात. हिशेबनीस म्हणेल, रस्ता हा भांडवली खर्च, बस चालवणं हा महसुली. बरोबर आहे. पण ही विभागणी खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा एवढंच सांगते. तो कुणासाठी करायचा, हे ती सांगत नाही. आणि आपण मात्र रकान्यालाच नैतिक निवाडा समजून बसलोय. एका रकान्यातलं ते विकास, दुसऱ्यातलं ते ओझं.

गोंधळ कुठून सुरू होतो बघा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा आला. त्या कायद्यात दोन गोष्टी आहेत. एका कलमात महामंडळाचं कर्तव्य सांगितलंय: पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर वाहतूक सेवा लोकांना द्यायची. दुसऱ्या कलमात म्हटलंय: कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवायचा. दोन्ही वाक्यं वेगवेगळी वाचली तर छान आहेत. एकत्र वाचली की प्रश्न उभा राहतो. शेवटच्या वाडीला बस सोडणं हे कर्तव्य आहे, आणि धंद्याच्या तत्त्वानं ती बंद करायला हवी. मग काय करायचं? कायदा गप्प आहे. आपणही गप्प आहोत.

आमच्या लहानपणी, साठच्या दशकात, गावात मुक्कामी गाडी यायची. रात्री आठला आली की ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपायचे, सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला. त्या गाडीनं दूध गेलं, आजारी माणसं गेली, आणि मीही कॉलेजला गेलो. तिचं भारमान किती होतं? बहुतेक दिवस अर्ध्याहून कमी असेल. वहीत ती तोट्यातली फेरी. पण माझी डॉक्टरेट कुठल्या वहीत मांडायची? दवाखान्यात वेळेवर पोचलेली बाळंतीण कुठल्या वहीत मांडायची? फायदा झाला, पण एसटीच्या गल्ल्यात तो आला नाही. म्हणून तो नव्हताच, असं म्हणणं हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नापास होण्यासारखं आहे.

आता सवलतींकडे या. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत. (पहिल्याचा लाभार्थी मी लवकरच होणार आहे!) सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, तेव्हा त्याला 'एसटीला मदत' म्हणतात. अहो, वाण्याकडून साखर घेऊन पैसे दिले तर त्याला आपण वाण्याला मदत म्हणतो का? ती सरकारनं विकत घेतलेली सेवा आहे. शिवाय याच एसटीच्या तिकिटावर सरकारनं वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतलाय. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्यानं द्यायचं, आणि देणाऱ्या हाताचाच फोटो काढायचा.

आता रेल्वे. इथं तिसरा शब्द येतो, 'हमी'. १८४९ मध्ये जीआयपी रेल्वे कंपनीचा करार झाला. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी. कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर रयतेची. साहजिकच काटकसर करायची गरजच कुणाला उरली नाही. आपल्या सार्वजनिक सभेच्या गणेश व्यंकटेश जोशींसारख्या माणसांनी या खर्चाची चिकित्सा तेव्हाच केली होती. रेल्वे नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ओझं कुणावर, हा त्यांचा प्रश्न होता.

तोच प्रश्न आज तीन ठिकाणी विचारून बघू.

पहिलं, कोकण रेल्वे. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ झालं. केंद्राबरोबर चार राज्यांनी भागभांडवल घातलं, त्यात महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के. बाकीचा बराचसा पैसा रोख्यांतून, म्हणजे कर्जातून उभा राहिला. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. अभिमानाचीच गोष्ट. पण ते कर्ज फेडायचं म्हणून या मार्गावर अंतर फुगवून भाडं लावलं गेलं, प्रवाशांना ४० टक्के जादा. देशात इतरत्र रूळ अर्थसंकल्पातून पडले, कोकणी माणसानं मात्र तिकिटातूनही मोजले.

दुसरं, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं. व्याज जवळजवळ नाहीच, हे खरंय. पण कर्ज येनमध्ये आहे. पन्नास वर्षांत रुपया कुठं असेल, याचा धोका आपल्या नातवंडांचा. महाराष्ट्राचं भागभांडवल ५ हजार कोटी, आणि बारापैकी चार स्थानकं आपल्याकडं.

तिसरं, नगर-बीड-परळी. २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ च्या सुमारास. अर्धा खर्च राज्यानं उचलायचा ठरला. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! या तीस वर्षांत ऊसतोडीला ट्रकमधून गेलेल्या पिढीनं जी वाट बघितली, तिची किंमत कुठल्या प्रकल्प अहवालात आहे? वाट बघणं हाही खर्च असतो. फक्त तो ज्यांच्याकडून वसूल होतो, त्यांना कुणी पावती देत नाही.

माझ्यावर आक्षेप येईल, तोही घेतो. एसटीचा सगळा तोटा काही कर्तव्यापोटी झालेला नाही. गैरकारभार आहे, जुन्या गाड्या आहेत. मान्य. पण म्हणूनच तर हिशेब वेगळा हवा! कर्तव्याचा तोटा आणि नालायकीचा तोटा एकाच आकड्यात कोंबला की दोघांचं फावतं. महामंडळ आपली नालायकी कर्तव्याआड लपवतं, आणि सरकार आपली जबाबदारी नालायकीकडं बोट दाखवून टाळतं. मधल्यामध्ये फेरी बंद होते. २०२१-२२ च्या संपात पाच-सहा महिने हेच झालं. कामगार आणि सरकार भांडत राहिले, आणि शाळेची पोरं रस्त्यावर उभी राहिली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या फेऱ्या कर्तव्य म्हणून चालवायच्या, त्यांची यादी सरकारनं जाहीर करावी, दर किलोमीटरचा खर्च ठरवावा आणि तो अर्थसंकल्पात 'सेवा खरेदी' म्हणून मांडावा. मग उरलेल्या तोट्याचा जाब महामंडळाला खुशाल विचारा. आणि रेल्वे असो, मेट्रो असो, महामार्ग असो, प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारा: पैसा कुणाचा, धोका कुणाचा आणि थांबायला कुणाला सांगितलंय?

या तिन्हींचं उत्तर एकाच माणसाकडं बोट दाखवत असेल, तर त्या माणसासाठी ती गुंतवणूक नाही. तो त्याचा तोटा आहे, आणि तो कुठल्याच वहीत नाही.

इथंच थांबतो.