ओळखपत्र पाहिलं, पण पिशवीचं काय?

लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलान अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर कदाचित तुम्हालाही आली असेल. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. तुम्ही ती दिलीत की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती. तेव्हा प्ले स्टोअरबाहेरच्या ॲप्सवर काहीतरी बंधन हवं, हे मला मान्यच आहे. प्रश्न गुगलने निवडलेल्या उपायाचा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं, की सर्टिफाइड अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. २०२७ पासून हळूहळू बाकीचं जग.

आता थोडं तंत्र बघू. प्रत्येक एपीकेवर डेव्हलपरची डिजिटल सही असते. अपडेटवर तीच सही नसेल तर अँड्रॉइड ते नाकारतं. म्हणजे दोन्ही वेळा हात एकच आहे का, हे फोनला आधीपासूनच कळतं. नवा नियम त्या हाताला नाव देतो. ॲप आत काय करतं, ते मात्र यातून कळत नाही. गुगलनेच विमानतळाची उपमा दिली आहे: ओळखपत्र तपासणं वेगळं, सामान तपासणं वेगळं.

पकडलेल्या चोराला नव्या नावाने परत येणं अवघड होईल, हा फायदा खरा. पण आपल्याकडे केवायसी असूनही फसवणुकीसाठी दुसऱ्याची बँक खाती भाड्याने मिळतातच ना? मग डेव्हलपर खातंही मिळेल.

किंमत मोजणार कोण? एफ-ड्रॉइड हे मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार. तिथे बरीचशी ॲप्स उघड सोर्स कोडवरून भांडारच तयार करतं आणि स्वतःच सही करतं. पिशवी उघडून दाखवणारे हे लोक. आपल्या डेव्हलपरांवर गुगलकडे नोंदणीची सक्ती करता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय.

टीकेनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, जाणकारांसाठी धोक्याच्या इशाऱ्यांसह एक वेगळी वाट ठेवू, असं गुगलने सांगितलं. चांगलं झालं. पण माझ्या मते खरा पहारा परवानग्यांवर हवा. अँड्रॉइड १३ मध्ये बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळणं अवघड केलं, ती दिशा योग्य होती. चोरी होते ती परवानगीच्या दारातून. कुलूप तिथेच लावायला हवं.