अद्भुताभास आणि दरिद्री विज्ञानपट

वाईट कलाकृतीवर समीक्षकाने शाई खर्चू नये, असा एक संकेत आपल्या समीक्षेत पूर्वीपासून रूढ आहे. तो बहुतांशी योग्यही आहे. सामान्य प्रतीची कादंबरी किंवा नाटक काळाच्या ओघात आपोआप विस्मरणात जाते. त्याकरिता कोणी मुद्दाम श्रम घेण्याचे कारण नसते. परंतु काही कलाकृती अशा आढळतात, की त्या वाईट आहेत याविषयी दुमत नसते, आणि तरीही त्या विस्मरणात जात नाहीत. लोक त्या पुन्हा पाहतात, चार मित्रांना बोलावून दाखवितात, त्यांतील संवाद पाठ म्हणतात. अल्प भांडवलावर काढलेले विज्ञानपट, म्हणजे अंतराळयाने, परग्रहवासी, अदृश्य माणसे यांच्या कथांवरील चित्रपट, हे या वर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. 'इतका वाईट, की चांगला' असे त्यांचे वर्णन करण्याची प्रथा पडली आहे. हे वर्णन चमकदार आहे; पण त्याने काहीही उलगडत नाही. वाईटपणा वाढवीत नेला की एका टोकाला तो चांगुलपणा होतो, असा काही नियम असता तर आपल्या कितीतरी ऐतिहासिक नाटकांचे सोने झाले असते.

प्रस्तुत लेखकापुढे हा प्रश्न उभा राहिला तो रायपुरात, २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात. चांद्रयान-३ चंद्रावर उतरून दोन-तीन दिवस झाले होते. तात्यापाऱ्यातील एका स्नेह्यांच्या घरी त्यांच्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी भिंतीवर 'चाँद पर चढ़ाई' हा चित्रपट दाखविण्याचा बेत केला होता. हा १९६७ चा हिंदी चित्रपट, टी. पी. सुंदरम यांनी दिग्दर्शित केलेला. दारासिंग त्यात अंतराळवीर आहे आणि आपले भगवानदादा त्याचे सहप्रवासी. चंद्रावर राज्य आहे, राजकन्या आहे, नाचगाणे आहे. आणि जेथे दारासिंग आहे तेथे कुस्ती असावयाचीच, मग प्रतिस्पर्धी अक्राळविक्राळ प्राणी का असेना. मुले पोट धरधरून हसत होती. मीही हसत होतो. मध्येच स्नेह्यांचे थोरले बंधू, जे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "आम्ही नव्हतो रे हसलो." लहानपणी त्यांनी हा चित्रपट राजिमच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. माघी पौर्णिमेची रात्र होती. खेळानंतर ते आणि त्यांचे सोबती महानदीच्या वाळूत उभे राहून बराच वेळ वर चंद्राकडे पाहत राहिले. मुले क्षणभर गप्प झाली. मग पडद्यावर पुन्हा काहीतरी घडले आणि हशा पिकला.

एकच चित्रपट, आणि दोन आस्वाद. यांतील कोणता खरा, असा प्रश्न सहजच मनात येतो. परंतु तो तसा विचारणे चुकीचे आहे, हे आपल्या काव्यशास्त्रातच सांगितलेले आहे. भरताने हास्याचा उगम शृंगारात दाखविला. अभिनवगुप्ताने ही कल्पना विस्तृत केली आणि रसाचा आभास, मग तो कोणत्याही रसाचा असो, हास्याला जन्म देतो असे प्रतिपादिले. त्याचे नेहमीचे उदाहरण रावणाच्या सीताभिलाषेचे. रावण स्वतः गंभीर आहे; त्याच्या दृष्टीने ती रतीच आहे; पण जिच्याविषयी ती आहे तिच्याकडून तिला आधार नाही, म्हणून ती रती नसून रतीचा आभास होय. याच विवेचनात अभिनवगुप्ताने एक बारकावा नोंदविला आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रेक्षक तन्मय असतो त्या अवस्थेत त्याला रतीचाच आस्वाद मिळतो. मागचापुढचा विचार जागा झाल्यानंतरच तो आभास ठरतो आणि हास्य उत्पन्न होते. म्हणजे आभास ही कलाकृतीत कायमची चिकटलेली वस्तू नव्हे. वाळूत उभी राहिलेली ती मुले तन्मयतेच्या अवस्थेत होती, आणि आम्ही भिंतीपुढे बसलेले लोक विवेकाच्या अवस्थेत. आमचा विवेक आम्ही कमावलेलाही नव्हता. तो आम्हांला १९६९ च्या जुलैमध्ये मानवाच्या चांद्रावतरणाने आणि त्यानंतरच्या छायाचित्रांनी आयताच मिळाला होता.

तेव्हा या चित्रपटांतून मिळणाऱ्या आनंदाला अद्भुताभास म्हणण्यास हरकत नसावी. पण मग पुढचा प्रश्न येतो. अद्भुताचे चित्रण तर आपल्या चित्रपटांत पहिल्यापासून आहे, आणि तेही अशाच तुटपुंज्या साधनांनी केलेले आहे. फाळक्यांच्या 'लंकादहना'त (१९१७) अण्णा साळुंके यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. सीतेचे दंड पुरुषी दिसतात हे प्रेक्षकांना काय समजत नव्हते? तरीही भाविकांनी तो चित्रपट हात जोडून पाहिला. छत्तीसगढी नाचात पुरुष स्त्रीवेष घेतो. दोन कंदील आणि एक उघडी जागा एवढ्यावर रात्र उभी राहते. हबीब तन्वीर हे रायपूरचे. त्यांनी १९५८ साली 'मिट्टी की गाड़ी' बसविताना याच नाचातील नट दिल्लीला नेले, आणि रंगमंचाला एक फेरी मारली की उज्जयिनीचा रस्ता पार झाला, हा संकेत शूद्रकाच्या नाटकाला किती शोभून दिसतो हे दाखवून दिले. आपल्या तमाशातील मथुरेची वाट याहून लांब नसते. या ठिकाणी साधनांचे दारिद्र्य आहे, परंतु आभास नाही.

याचे कारण माझ्या मते असे. पौराणिक अद्भुताच्या पाठीशी श्रद्धा असते आणि नाचातील अद्भुताच्या पाठीशी संकेत. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक आपल्या पदरचे काही घालून चित्र पुरे करतो. विज्ञानपट हा या दोहोंचे साह्य नाकारून उभा राहतो. 'हे घडू शकते' असा त्याचा दावा असतो, आणि या दाव्याला आधार लागतो तो पुराव्याचा. त्यातच कॅमेरा हा मोठा प्रामाणिक साक्षीदार. रंगभूमीवरील पुठ्ठ्याचा चंद्र हा चंद्र असतो; कॅमेऱ्यापुढे ठेवलेला पुठ्ठ्याचा चंद्र हा पुठ्ठा असतो. ज्याला साक्षीस उभे केले त्यानेच वादीचा खटला बुडवावा, असा हा प्रकार आहे. विज्ञानपट जितक्या मोठ्याने पडतो तितका पौराणिक चित्रपट पडत नाही, तो यामुळेच.

पाश्चात्त्यांकडे या विषयाचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. एड वुड या दिग्दर्शकाचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा तेथील नमुना. त्यातील प्रमुख नट बेला लुगोसी १९५६ मध्ये निवर्तला. त्याचे आधी टिपलेले थोडेसे चित्रण हाती होते. उरलेले काम एका बदली माणसाने तोंडापुढे झगा धरून पार पाडले. १९८० साली एका पुस्तकाने या चित्रपटाला सर्वकाळातील निकृष्ट चित्रपट ठरविले, आणि तेव्हापासून त्याचा खरा प्रेक्षकवर्ग निर्माण झाला. सुसान सॉन्टॅग यांनी १९६४ मध्ये 'कँप' या रुचीविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात अशा कृतींचे शुद्ध रूप अजाणतेपणी घडते, त्यात अयशस्वी झालेले गांभीर्य असावे लागते, असा विचार आहे. तो मोलाचा आहे. मुद्दाम वाईट काढलेले चित्रपट दुसऱ्यांदा पाहवत नाहीत, हा अनुभव त्याला दुजोरा देतो. तथापि ही मीमांसा मुख्यतः पाहणाऱ्याच्या रुचीची आहे. निर्मात्याला काय हवे होते, हा प्रश्न तिच्यात मागे पडतो. आणि माझ्या मते या चित्रपटांच्या आकर्षणाचे मूळ तेथेच आहे.

येथे रायपूरहून फार दूर जावे लागत नाही. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीचे कवी, पण घरची भाषा मराठी. 'एक साहित्यिक की डायरी'त त्यांनी कलेचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला, जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव व्यक्तिगत वेदनेपासून अलग होऊन एका कल्पनाचित्राचे, फँटसीचे, रूप घेतो तो. तिसरा, हे कल्पनाचित्र शब्दांत उतरू लागल्यापासून पुरे होईपर्यंतचा. आणि या तिसऱ्या क्षणात मूळ चित्र पुष्कळसे बदलून जाते. यशस्वी कलाकृतीत आपल्या हाती येते ते या तिसऱ्या क्षणाचे फळ. दुसरा क्षण तिच्या पोटात दडून गेलेला असतो. तो वेगळा काढून दाखविता येत नाही.

दरिद्री विज्ञानपटात तिसरा क्षण फसतो. पैसा संपतो, वेळ संपतो, कसबही अपुरे पडते. म्हणून दुसरा क्षण तसाच उघडा राहतो. 'कलै अरसी' या १९६३ च्या तमिळ चित्रपटात परग्रहावरील लोक पृथ्वीवरील एका गायिकेला पळवून नेतात. कशाकरिता, तर आपल्या लोकांना संगीत शिकविण्याकरिता. त्यांच्यापाशी याने आहेत, यंत्रे आहेत; गाणे तेवढे नाही. ही कल्पना बालिश म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण ज्या देशाला आपल्यापाशी यंत्रे नाहीत याची खंत नित्य जाळीत होती, त्याच्या मनातील सुप्त इच्छा इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या गंभीर कलाकृतीत आली आहे? 'चाँद पर चढ़ाई'तही तेच. चंद्रावर जाऊन करावयाचे काय, तर कुस्ती. अंतराळात आपल्या अंगी असलेले एकमेव बळ घेऊन निघालेला हा नायक हास्यास्पद आहे, आणि त्याच वेळी अगदी आपला आहे. चांगल्या दिग्दर्शकाने ही इच्छा झाकली असती, तिला संयमाचे वस्त्र चढविले असते. येथे ती झाकण्याइतकी ऐपत नव्हती.

भगवानदादांचा उल्लेख वर ओझरता झाला. भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. 'अलबेला'च्या (१९५१) आधीची कितीतरी वर्षे त्यांनी अत्यल्प खर्चात मारधाडपट काढण्यात घालविली. ज्यांना वाईट चित्रपट म्हणून आपण निकालात काढतो, त्यांत अशा माणसांचे श्रम कॅमेऱ्याने जसेच्या तसे टिपून ठेवले आहेत. कथा खोटी पडते तेव्हा पडद्यावर उरते ती घामाने डवरलेली, अवघडलेल्या पोशाखातली माणसे आणि त्यांचे काम. आपण पुन्हा पुन्हा पाहतो त्यात याचाही वाटा आहे.

या ठिकाणी हसणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याच्यापाशी उत्तम साधने आहेत त्याने साधनहीनाच्या धडपडीला हसणे यात रसिकता थोडी आणि ऐट अधिक असू शकते. थुंब्याला १९६३ मध्ये पहिला अग्निबाण उडाला. त्या दिवसांत अग्निबाणाचा शंकू सायकलच्या कॅरिअरवरून नेत असल्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिले असेल. आज आपण ते अभिमानाने पाहतो. मंगळयान यशस्वी झाले नसते तर हेच चित्र कोणत्या सुरात दाखविले गेले असते? ते यान सुमारे ४५० कोटी रुपयांत झाले, हॉलीवूडच्या 'ग्रॅव्हिटी' या चित्रपटाहून कमी खर्चात, असे २०१४ साली कौतुकाने सांगितले गेले. काटकसर यशस्वी झाली की गुण होते. चित्रपटाच्या बाबतीत आपण हा न्याय लावीत नाही, आणि लावूही नये, कारण अग्निबाण उडतो किंवा उडत नाही, आणि चित्रपटाचे तसे नसते. परंतु हसताना आपण कशाला हसतो आहोत, कलेतील खोटेपणाला की खिशातील पोकळीला, एवढे तरी तपासून पाहावे.

मालेगावने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी स्थानिक माणसे घेऊन, व्हिडिओवर, प्रथम 'मालेगाव के शोले' आणि पुढे मालेगावचा सुपरमॅन काढला. त्याच्या निर्मितीची हकीकत फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या अनुबोधपटात आली आहे, आणि रीमा कागती यांच्या चित्रपटामुळे २०२५ मध्ये ती घरोघर पोचली. बैलगाडीची क्रेन, सायकलची ट्रॉली, हिरव्या कापडापुढे आडवा होऊन उडणारा नायक. ती भूमिका करणारा शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार, काडीसारखा किरकोळ. त्याचा सुपरमॅन तंबाखू-गुटख्याच्या व्यसनाशी लढतो. आणि शफीक स्वतः पुढे अल्पवयातच कर्करोगाने गेला.

हा चित्रपट मुद्दाम विनोदी आहे. म्हणजे सॉन्टॅग यांच्या कसोटीला तो उतरणार नाही. आणि तरी तो टिकतो. याचा उलगडा मला असा होतो, की येथे आभास प्रेक्षकाने शोधून काढावयाचा नाही; करणाऱ्यांनी तो स्वतःच जाणून पुढे मांडला आहे. नाचातला संकेत कॅमेऱ्यापुढे आणण्याची ही युक्ती आहे. आपल्या दारिद्र्याला आपणच आधी हसून घेतल्यामुळे बाहेरच्याच्या हसण्यातील विषारीपणा निघून जातो. आणि हसण्याखाली उडण्याची इच्छा मात्र तिळभरही कमी होत नाही. 'चाँद पर चढ़ाई'ला हे साधले नाही. तिच्या काळात ते साधणेही शक्य नव्हते, कारण चंद्र अजून कोणाचाच झालेला नव्हता. म्हणून त्या चित्रपटाला श्रेष्ठ म्हणता येणार नाही. तो फसलेलाच आहे, आणि मालेगावचा चित्रपट त्याहून उजवा आहे, हे स्पष्ट नोंदवून ठेवतो. मात्र पहिल्यात जे भाबडे गांभीर्य आहे ते दुसऱ्यात नाही, आणि पुन्हा पाहण्याची वेळ आली तर मी कोणता लावीन, हे मला सांगता येत नाही.

त्या रात्री खेळ संपल्यावर मुलांनी थोरल्या काकांना विचारले, की राजिमच्या तंबूत शेवटी लोकांनी टाळ्या वाजविल्या का. ते म्हणाले, शेवट कोणी पाहिलाच नव्हता. यंत्र बिघडले आणि तंबूवाल्याने खेळ मध्येच आटोपला. आज साठीच्या पलीकडे गेल्यावर तो प्रथमच पाहावयास मिळाला होता. तो त्यांना पसंत पडला नाही.