‘नॉन क्रिमिनल’ नव्हे, नॉन क्रीमी लेयर : शब्द नीट लिहा, अर्थ त्याहून नीट वाचा

पीएचडी प्रवेशाचे दिवस आले की धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, विद्यार्थ्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “नॉन क्रिमिनल काढलं का?” विचारणाऱ्याला तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, हे जाणून घ्यायचं नसतं. त्याला नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र म्हणायचं असतं. गुन्हा नसल्याचा कागद वेगळा असतो, त्याला चारित्र्य पडताळणी म्हणतात आणि तो पोलीस देतात. नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र आपल्याकडे उपविभागीय अधिकारी देतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी लेखनाचं बघू. ‘नॉन क्रिमिनल’, ‘नॉन क्रिमीलियर’, ‘नॉन क्रिमी क्लिअर’ ही तिन्ही रूपं चूक आहेत, कारण त्यांत मूळ शब्दच उरत नाहीत. मूळ शब्द दोन आहेत, क्रीमी आणि लेयर. ‘लेयर’ की ‘लेअर’ यावर भांडायचं कारण नाही, मराठीत दोन्ही चालतात. ‘क्रीमी’ की ‘क्रिमी’ हा प्रश्न जरा गंमतीचा आहे. ‘गरीब’चं ‘गरिबी’ होतं, त्या उपान्त्य ऱ्हस्वाच्या नियमाने कुणी ‘क्रिमी’ लिहिलं तर त्याला अडाणी ठरवता येणार नाही. मी ‘क्रीमी’ लिहितो, कारण त्यात ‘क्रीम’ दिसतं आणि ‘क्रिमिनल’कडे घसरायची वाट बंद होते. थोडक्यात, ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ करता येते, पण शब्दच बदलला तर अर्थही जातो.

क्रीम म्हणजे साय. क्रीमी लेयर म्हणजे दुधावर धरलेला सायीचा थर. हा शब्दप्रयोग आपल्या न्यायालयीन भाषेत न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७५ मध्ये केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात वापरला. मागास समाजातला वरचा थरच सगळे लाभ घेऊन जातो, खालच्यांपर्यंत काही पोचत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने इतर मागासवर्गीयांचं आरक्षण मान्य केलं, पण हा वरचा थर त्यातून वगळा असं सांगितलं. मग न्या. राम नंदन प्रसाद समिती नेमली गेली आणि ८ सप्टेंबर १९९३ रोजी केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने कोणाला वगळायचं याची यादीच काढली. म्हणजे ‘नॉन क्रीमी लेयर’चा अर्थ इतकाच, की ही व्यक्ती त्या वगळायच्या यादीत बसत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे एका फरकाने लक्षात राहील. भूम भागात खवा आटवताना कढईच्या कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधातच मिसळतात. तूप करायचं असेल तर मात्र साय वेगळी काढतात. कायद्याची रीत दुसरी आहे, साय बाजूला आणि दूध आतल्या माणसांसाठी. आणि इथेच मराठी माणसाची थोडी पंचाईत होते. आपल्याकडे ‘दुधावरची साय’ म्हणजे नातवंडं, जिवापाड जपायची गोष्ट. साय काढून टाकायची असते, हा अर्थ आपल्या कानाला सहज येत नाही.

आता सरकारी मराठीकडे या. राज्याच्या कागदपत्रांत यासाठी ‘उन्नत व प्रगत व्यक्ती/गट यात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’ अशी रचना येते. माझा आक्षेप या रचनेवर आहे, आणि तो संस्कृत शब्दांच्या रागातून आलेला नाही. पहिली गोष्ट, ‘उन्नत’ आणि ‘प्रगत’ ही कौतुकाची विशेषणं आहेत. किती उन्नत, कशाने प्रगत, याचा त्यात पत्ता लागत नाही. दुसरी गोष्ट, मधल्या ‘व’मुळे दोन वेगळ्या अटी आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ही एकाच कल्पनेची दोन नावं आहेत. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हे कुणी बोलतच नाही. जो शब्द बोलण्यात येत नाही, त्याची जागा कानाला जवळचा दुसरा शब्द घेतो. ‘क्रिमिनल’ तिथून आत शिरला. लोक अडाणी आहेत म्हणून ही चूक होत नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि मराठी शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही, म्हणून होते.

पण खरं नुकसान पुढे आहे. शब्दाचा अर्थ लागला नाही की माणूस त्याच्या जागी सोपा अर्थ ठेवतो. तो सोपा अर्थ असा, “आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला.” हा अर्थ अर्धवट आहे, आणि या अर्ध्या अर्थापायी पात्र विद्यार्थी स्वतःहून खुल्या गटात अर्ज भरतात. १९९३ च्या आदेशाप्रमाणे तीन उदाहरणं बघा.

एक. आई-वडील दोघेही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, दोघांचा मिळून पगार वर्षाला १४ लाख. मुलगी क्रीमी लेयरमध्ये आहे का? फक्त पगारामुळे नाही. उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदारांसाठी रक्कम बघत नाहीत, पदाचा गट बघतात, आणि हे शिक्षक गट क मध्ये येतात.

दोन. आई थेट भरतीने गट अ अधिकारी झालेली, वडील घरीच. उत्पन्न एकाच पगाराचं, तरी मुलगा क्रीमी लेयरमध्ये. इथे पदच पुरेसं ठरतं.

तीन. वडिलांचं कापडाचं दुकान, सोबत सोयाबीनची शेती. इथे दुकानाचं उत्पन्न मोजतात, सोयाबीनचं नाही. आणि दुकानाचं उत्पन्नही सलग तीन वर्षे ८ लाख किंवा त्याहून जास्त असेल, तरच ते आड येतं. शेतीचं उत्पन्न धरत नसले, तरी जमिनीची वेगळी अट आहे. कुटुंबाची बागायत जमीन राज्याच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्के किंवा जास्त असेल, तर मुलं वगळली जातात.

ही ८ लाखांची रेषासुद्धा कायमची नाही. १९९३ मध्ये ती १ लाख होती. २००४ मध्ये २.५ लाख, २००८ मध्ये ४.५ लाख, २०१३ मध्ये ६ लाख आणि २०१७ मध्ये ८ लाख झाली. म्हणून जुना लेख वाचताना त्यातला आकडा कोणत्या वर्षाचा, हे आधी बघा.

आता संशोधन करणाऱ्यांच्या खास उपयोगाचं. क्रीमी लेयर ठरतो तो आई-वडिलांच्या स्थितीवरून. तुमची स्वतःची कमाई किंवा नवऱ्याची-बायकोची कमाई त्यात येत नाही. केंद्राने २००४ मध्ये हे स्पष्टीकरण देऊन ठेवलं आहे. तुम्हाला जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये मिळत असतील तरी त्यामुळे तुम्ही क्रीमी लेयरमध्ये जात नाही. लग्न झालेल्या मैत्रिणींनी हे नीट लक्षात ठेवा. सासरच्या उत्पन्नाचा दाखला आणा असं कुणी सांगितलं, तर कोणत्या नियमाने, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरा घोळ ईडब्ल्यूएसचा. तिथेही ८ लाख, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. ईडब्ल्यूएस हे २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेलं आरक्षण, ज्यांना एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लागू नाही त्यांच्यासाठी. त्यात मागच्या एका आर्थिक वर्षाचं सगळं उत्पन्न धरतात, पगार आणि शेतीसुद्धा. आकडा तोच असला तरी मोजमाप वेगळं आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगायला नको. एकक न लिहिता नुसता आकडा दिला तर आपण प्रयोगवही परत करतो.

यातून संशोधनासाठी एक धडा निघतो. शोधप्रबंधात प्रत्येक मुख्य संज्ञेची कार्यात्मक व्याख्या द्यायची असते, म्हणजे हा शब्द मी नेमका कशाने मोजला, ते सांगायचं. समजा, तुम्ही मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण करताय आणि प्रश्नावलीत विचारलंत, “नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र आहे का?” त्याच्या हो-नाहीवरून तुम्ही गरीब-श्रीमंत असे गट पाडले, तर निष्कर्ष चुकणार. वरच्या उदाहरणातली १४ लाख पगाराच्या घरातली मुलगी ‘गरीब’ गटात जाईल. खुल्या गटातला शेतमजुराचा मुलगा ‘नाही’ म्हणेल आणि ‘श्रीमंत’ ठरेल. एससी-एसटी विद्यार्थ्यांना राज्याच्या आरक्षण कायद्यात ही अटच लागू नाही, त्यांचंही उत्तर ‘नाही’. हे प्रमाणपत्र उत्पन्नाचं माप नाही, ते वगळण्याच्या नियमाचं उत्तर आहे.

अर्ज भरण्याआधी चार गोष्टी तपासा. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर हे तीन वेगळे कागद आहेत. त्यांतल्या तिसऱ्याला मुदत असते, म्हणून त्यावरची तारीख आधी वाचा. नेट-जेआरएफ आणि केंद्रीय संस्थांसाठी केंद्राचा नमुना आणि केंद्राची यादी लागते, राज्यातल्या प्रवेशांसाठी राज्याची. राज्यात विजा-भज असलेल्यांनी केंद्राच्या ओबीसी यादीत आपली नोंद आहे का ते बघावं, कारण केंद्रात विजा-भज असा वेगळा गट नाही. महाज्योतीसारख्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात आणि राज्याचा चालू शासन निर्णय स्वतः वाचा. कुणी पुढे पाठवलेल्या यादीवर विसंबू नका.

आणि पुढच्या वेळी कुणी “नॉन क्रिमिनल” म्हणालं तर हसू नका. अर्थ सांगा, पगार धरत नाहीत हेही सांगा. त्याचा अर्ज कदाचित तेवढ्यानेच योग्य गटात जाईल.